पक्षीमानवांची जमात घडवताना: फॅन्टसी लिहायला घेतलेल्या नव्या लेखकांसाठी

फॅन्टसी लिहायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत एक पंखवाली जमात असते. माझ्याही होती. माझ्या पहिल्या कथेतला पंखधारी सेनापती ओठ आवळायचा, कपाळावरचा घाम पुसायचा, सिंहासनावर रेलून बसायचा आणि युद्ध सुरू झालं की उडायचा. कथा वाचून एका मैत्रिणीने एवढंच विचारलं, “हा रेलून बसतो तेव्हा पंख कुठे जातात?” मला उत्तर देता आलं नाही. ती कथा मी पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिली. खाली दिलेला क्रम तेव्हापासून माझ्यापुरता तयार होत गेला आहे.

क्रम सोपा आहे. शरीराबद्दल एक गोष्ट ठरवायची आणि तिचा माग घर, काम, भाषा, भांडण असा शेवटपर्यंत काढायचा. मग पुढची गोष्ट. सोबत आपण एक नमुन्याची जमात घडवत जाऊ. तिचं नाव लगेच ठेवणार नाही, कारण ते त्यांच्या चोचीतून निघायला हवं आणि चोच तिसऱ्या पायरीवर येते.

पायरी 1: आधी वजन

पिसांचा रंग, तुरे, राजवंश हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच: यांचं वजन किती, आणि तेवढ्या वजनाने ते उडतात का?

आज जिवंत असलेल्या उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत जड म्हणजे माळढोकाच्या कुळातले मोठे नर, जसा आफ्रिकेतला कोरी बस्टर्ड. तेही 18 किलोच्या आसपास थांबतात. अँडीज पर्वतातला कॉन्डोर 15 किलोपर्यंत जातो आणि त्याचे पसरलेले पंख 3 मीटरच्या वर भरतात. सर्वांत लांब पंख भटक्या अल्बाट्रॉसचे, साधारण साडेतीन मीटर. सुमारे 60 लाख वर्षांपूर्वी अर्जेंटिनात अर्जेंटाव्हिस नावाचा प्रचंड पक्षी होता. त्याचं वजन 70 किलोच्या घरात आणि पंखांचा पसारा 7 मीटरच्या आसपास असावा असा अंदाज आहे. सपाट जमिनीवरून नुसते पंख मारून त्याला उठता येत नसावं. उतार किंवा समोरून वारा लागत असणार.

यामागचं गणित एकदा समजून घ्या, मग ते पाठ सोडत नाही. प्राण्याची उंची दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट. म्हणून माणसाच्या आकाराच्या पाठीवर दोन-दोन मीटरचे पंख लावून चालत नाही. छातीच्या हाडाचं पुढे आलेलं पातं आणि त्यावरचे उडण्याचे जाडजूड स्नायू तर आपण मोजलेच नाहीत.

इथून तीन वाटा फुटतात. जमात लहान करा. किंवा उडणं सोडून द्या: शहामृगासारखे धावणारे, नाहीतर कड्यावरून तरंगत खाली येणारे. किंवा जगच बदला, म्हणजे हवा जाड करा, गुरुत्वाकर्षण कमी करा, जादू आणा. तिसरी वाट दिसते सोपी, पण तिच्यावर सर्वांत जास्त काम पडतं. हवा जाड केली तर त्या हवेत बाण कसा जातो, आवाज कसा पोचतो, उंदराएवढे किडे का नाहीत, हे सगळं तुमच्या अंगावर येतं. पहिल्यांदाच लिहीत असाल तर लहान करा. वाचक लहान शरीरातल्या मोठ्या माणसावर जीव लावतो, याची काळजी नको.

आपल्या नमुन्याच्या जमातीचं वजन 12 किलो, पंख 3 मीटर, उंची माणसाच्या कमरेपर्यंत. आता एवढ्या जड पक्ष्याला दिवसभर पंख मारत राहणं परवडत नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉन्डोरांच्या अंगावर नोंदी घेणारी यंत्रं बसवली होती. उड्डाणाच्या एकूण वेळातला जेमतेम 1 टक्का वेळ ते पंख मारत होते, तोही मुख्यतः जमिनीवरून उठताना. त्यातला एक तर 5 तासांहून अधिक काळ, सुमारे 170 किलोमीटर, एकदाही पंख न मारता गेला. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवा वर चढते. तिच्यावर गोल गोल फिरत वर जायचं आणि मग तरंगत पुढच्या गरम झोताकडे जायचं, एवढंच त्यांचं काम.

आणि इथे जमात जिवंत व्हायला लागते. आपले लोक पहाटे उडू शकत नाहीत. ऊन वर येऊन हवा उठेपर्यंत ते कड्यावर बसून असतात, पंख अर्धे उघडून. त्यांचा बाजार, त्यांची पंचायत, त्यांचे निरोप, सगळं ऊन चढल्यावर सुरू होतं. आठवडाभर आभाळ भरून राहिलं तर गावच्या गाव अडकून पडतं. शत्रू शहाणा असेल तर तो भल्या पहाटे किंवा धुक्यात चालून येईल. ते भेटल्यावर एकमेकांना काय विचारत असतील? “हवा उठली का?” हे नमस्काराचं वाक्य मला शोधावं लागलं नाही, वजनातूनच निघालं.

पायरी 2: हात कुठून आणणार

पक्ष्याचा पंख म्हणजेच त्याचा हात. खांदा, कोपर, मनगट, बोटांची हाडं, सगळं त्यातच आहे. पंख आणि शिवाय दोन हात द्यायचे तर एकूण सहा अवयव होतात, आणि आपल्या पृथ्वीवर पाठीचा कणा असलेल्या एकाही प्राण्याला सहा अवयव नाहीत. द्यायचे असतील तर जरूर द्या, पण मग त्या जगातले घोडे, कुत्रे, बेडूकही तपासा. एकट्या तुमच्या नायकाच्याच कुळात दोन अवयव जास्त कसे आले, हे वाचक विचारणार.

दुसरा मार्ग पाय आणि चोच. याबद्दल शंका असेल तर कावळा पाहा. एकदा माझ्या खिडकीच्या कठड्यावर एक कावळा तारेचा तुकडा घेऊन आला. तार खाली ठेवली, एका पायाने दाबून धरली, चोचीने टोक ओढून पाहिलं. मग मागे सरकला, मान कलती करून एका डोळ्याने तिच्याकडे बघत राहिला. तार उलटी केली, पुन्हा दाबली, शेवटी बरोबर मधोमध उचलली आणि गेला. घरट्यासाठी नेली असणार. सगळा प्रकार मिनिटभराचा, पण त्यात कारागिराची पूर्ण चाल होती: धरणं, पाहणं, बदलणं, पुन्हा धरणं. न्यू कॅलेडोनिया बेटांवरचे कावळे तर काटक्यांना आकडा काढून त्याने झाडाच्या भोकातल्या अळ्या बाहेर ओढतात. पोपटाच्या पायाला दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे त्याची पकड घट्ट. खाताना बहुतेक पोपट डावा पाय वापरतात, म्हणजे डावखुरेपणाही आला.

पायाने काम करणारा कारागीर एका पायावर उभा असतो, हे विसरू नका. त्याला खुर्ची नको, दांडी हवी. त्याच्या हत्याराला लांब मूठ नको, आकडा किंवा कडी हवी. आणि चोचीत हत्यार असताना तो बोलू शकत नाही. त्यांच्या कार्यशाळेत शांतता असते. भरल्या चोचीच्या माणसाला प्रश्न विचारणं त्यांच्यात असभ्य मानलं जात असेल. शत्रूसमोर चोचीतलं हत्यार खाली ठेवणं म्हणजे एकाच वेळी शरण जाणं आणि बोलायला तयार होणं.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो तिसरा मार्ग. दक्षिण अमेरिकेत होआट्झिन नावाचा पक्षी आहे. त्याच्या पिल्लांना प्रत्येक पंखावर दोन नख्या असतात. त्यांच्या आधाराने पिल्लं फांद्यांवर चढतात. मोठी झाली की नख्या जातात आणि उडणं येतं.

ही एक गोष्ट आपल्या जमातीला देऊन पाहा. मुलांना हात आहेत, मोठ्यांना आभाळ आहे, आणि दोन्ही एकाला एकाच वेळी कधीच मिळत नाही. मग बारीक काम कोण करतं? विणणं, गाठी मारणं, जखम शिवणं? मुलंच. वस्त्यांची वीण लहान मुलांच्या नख्यांवर उभी आहे आणि दर काही वर्षांनी सगळे कारागीर हातातून जातात, कारण त्यांचे हातच जातात. जे शिकवतात त्यांना स्वतःला ते काम करून दाखवता येत नाही. ते फक्त तोंडी सांगू शकतात. एक म्हातारी विणकरीण दांडीवर बसून आहे. समोर सात-आठ वर्षांची नात दोरीचा फास टाकते आहे. म्हातारीचे पंख नकळत तसेच थरथरतात, जिथे पन्नास वर्षांपूर्वी नख्या होत्या तिथे. नातीची एक नखी कालपासून हलते आहे आणि तिने ते आजीला सांगितलेलं नाही. तिला उडायचं नाही, अजून एक जाळं पुरं करायचं आहे. त्यासाठी राजा, भविष्यवाणी, तलवार काहीही लागलं नाही. हे पिल्लाच्या पंखावरच्या दोन नख्यांमधून आलं, म्हणून मी सगळ्यांना आधी खरे पक्षी वाचायला सांगतो.

पायरी 3: चोच आणि वर्णमाला

आपल्या वर्णमालेने हे काम निम्मं करून ठेवलं आहे. शाळेत आपण कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ण शिकलो. आता चोच लावा. ओठ नाहीत: प, फ, ब, भ, म गेले, उ आणि ऊही गेले, व अडचणीत आला. ओठ गोल करता येत नाहीत म्हणून ओ आणि औ पण नकोत. दात नाहीत: त, थ, द, ध, न, ल, स बाजूला ठेवा. उरले कंठ्य, तालव्य आणि मूर्धन्य. क, ग, च, ज, ट, ण, र, ळ, य, ह यांच्यावर त्यांची भाषा उभी राहील. खरे पोपट आणि मैना हे अडथळे बऱ्यापैकी पार करून आपले शब्द हुबेहूब काढतात, त्यामुळे हा काही निसर्गाचा कडक नियम नाही. पण लेखकाला असं बंधन फार उपयोगी पडतं. नावं आपोआप एका घरची वाटतात.

आता नाव ठेवू: किळ्यार. त्यांच्या तोंडून सहज निघणारं. शेजारची माणसं मात्र त्यांना ‘पंखाळे’ म्हणतात आणि किळ्यारांना तो शब्द उच्चारताच येत नाही, त्याचं ‘खंखाळे’ होतं. लोक आपल्याला ज्या नावाने हाक मारतात ते नाव आपल्याला म्हणता येत नाही, हे दुःख एका संवादात मावतं.

आवाजाची दुसरी बाजू याहून श्रीमंत आहे. आपला आवाज गळ्यात, स्वरयंत्रात तयार होतो. पक्ष्यांचा त्याहून खाली, श्वासनलिका दोन फुप्फुसांकडे फुटते त्या जागी असलेल्या सिरिंक्समध्ये. अनेक गाणारे पक्षी त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवू शकतात, म्हणजे एकाच वेळी दोन सूर. किळ्यार बोलतात तेव्हा एका सुरात शब्द आणि दुसऱ्यात त्यामागची भावना. खोटं बोलताना दुसरा सूर सांभाळावा लागतो. शोकात तो बंद ठेवायची पद्धत असेल. माणूस त्यांची भाषा शिकला तरी कायम एकसुरीच बोलणार, आणि किळ्यारांना तो सतत शोकात असल्यासारखा वाटणार.

कागदावर हे दाखवताना हात आखडता ठेवा. क्क्रर्र, च्यीक अशी अक्षरं ओळीओळीला पेरली की वाचक तिसऱ्या पानावर दमतो. संवाद साध्या मराठीत लिहा आणि दुसरा सूर काय म्हणतो ते गरज असेल तिथेच एका वाक्यात सांगा.

पायरी 4: चेहरा नाही, मग भाव कसे दाखवणार

चोच हसत नाही. पक्ष्यांचे डोळेही खोबणीत फारसे फिरत नाहीत, म्हणून ते सारखी मान वळवतात. घुबडाची मान 270 अंशांपर्यंत वळते. आपल्या मानेत 7 मणके, त्याच्या मानेत 14. तेव्हा ‘त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं’ हे वाक्य किळ्यारांच्या कथेत बसत नाही. ते जवळची गोष्ट पाहताना मान वळवून एक डोळा पुढे करतात. कुणाकडे दोन्ही डोळ्यांनी, चोच सरळ रोखून पाहणं म्हणजे अंतर मोजणं. ते धमकीचं असू शकतं.

भाव दाखवायला पिसं आहेत. अंगासरशी दाबलेली पिसं म्हणजे भीती, सैल फुगलेली म्हणजे निवांतपणा, मानेवर उभी राहिलेली म्हणजे राग. पोपटाच्या बाहुल्या उत्तेजित झाल्यावर भराभर लहानमोठ्या होतात, तेही वापरता येईल. शिवाय आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी 3 प्रकारच्या, बहुतेक पक्ष्यांत 4. त्यांना अतिनील प्रकाश दिसतो. युरोपातल्या निळी रामगंगा (ब्लू टिट) या चिमुकल्या पक्ष्याच्या जातीत नर आणि मादी आपल्याला सारखेच दिसतात, पण अतिनील प्रकाशात नराचा तुरा वेगळा चमकतो. म्हणजे माणसांना सगळे किळ्यार एकसारखे करडे दिसतील आणि एकमेकांना ते नटलेले दिसतील. माणसाच्या नजरेतून लिहीत असाल तर हे सुरुवातीला अजिबात सांगू नका. त्याला उशिरा कळू द्या.

पायरी 5: डोकं, अन्न, ऊब

डोकं लहान मग बुद्धी कशी, असा आक्षेप येतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पोपट आणि कावळ्यांच्या मेंदूत चेतापेशी इतक्या दाटीने भरलेल्या आढळल्या की तेवढ्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूपेक्षा त्यांची संख्या कितीतरी जास्त होती. पक्ष्यांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या आयरीन पेपरबर्ग यांनी शिकवलेला अ‍ॅलेक्स हा राखी पोपट रंग, आकार आणि संख्या सांगत असे. तो 2007 साली गेला. तेव्हा आक्षेपाची चिंता सोडा.

बाकी थोडक्यात. पक्ष्यांचं शरीर आपल्यापेक्षा गरम, 40 ते 42 अंश सेल्सियस. घामाच्या ग्रंथी नाहीत, ते चोच उघडून धापा टाकत अंग थंड करतात. मिरचीचा तिखटपणा त्यांना लागत नाही. दात नसल्याने अनेक जण खडे गिळतात आणि पोटातला एक स्नायूंचा कप्पा अन्न भरडतो. कोणत्या ओढ्याचे खडे चांगले, यावर किळ्यारांचे वाद होत असतील. वर्षातून एकदा जुनी पिसं गळून नवी येतात. त्या दिवसांत उडणं कमजोर होतं, म्हणून तो काळ परक्यांपासून लपवला जातो.

पायरी 6: अंड्यापासून समाज

समाज रचताना नवे लेखक थेट राजघराण्याकडे जातात. त्याआधी अंडं कोण उबवतं ते ठरवा. अंडं म्हणजे घराबाहेर ठेवलेलं गर्भारपण. आई कामावर जाऊ शकते, पण कुणीतरी बसलंच पाहिजे. नर-मादी पाळीपाळीने बसतात की म्हातारी माणसं? उबवणाऱ्याला युद्धातून सूट असते का? अंडं चोरता येतं, बदलता येतं, गहाण ठेवता येतं, म्हणून त्यांच्या कायद्याची पहिली कलमं अंड्यांबद्दल असतील. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे आपण सगळे जाणतो. किळ्यारांत तसं करणारी एखादी जमात असेल तर तिच्याकडे राक्षस म्हणून पाहू नका. दुसऱ्याच्या घरट्यात वाढलेल्या मुलीच्या बाजूने एक प्रकरण लिहा.

पक्ष्यांत पिल्लू नर की मादी हे आईच्या बाजूने ठरतं, आपल्यासारखं बापाच्या बाजूने नाही. आणि प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी दाखवलं तसं हंसवर्गातली पिल्लं अंड्यातून निघाल्यावर पहिल्यांदा जी हलती गोष्ट पाहतात तिच्याच मागे जातात. माणसाच्या घरात फुटलेलं किळ्यारांचं अंडं घेऊन आख्खी कादंबरी होते.

एका मोहापासून मात्र दूर राहा: घुबडवंशी शहाणे, कावळेवंशी लबाड, गरुडवंशी राजे. या वाटणीने एका फटक्यात सगळी माणसं मरतात. गरुड आणि जटायू आपल्या वाचकाच्या मनात आधीच बसलेले आहेत, त्यांच्याशी स्पर्धा नको. आळशी गरुड आणि भित्रा कावळा यांच्यात जास्त कथा आहे.

पायरी 7: आपलीच मराठी तपासा

मसुदा झाल्यावर हातात पेन्सिल घेऊन फक्त वाक्प्रचार शोधा. हात टेकले, ओठांवर शब्द आले, दातओठ खाल्ले, मूठ आवळली, घाम फुटला, खांदे उडवले. हे सगळे माणसाच्या शरीरावर उभे आहेत. प्रत्येकाच्या जागी किळ्यारांचा शब्द घडवा: पिसं आवळली, चोच मिटली, दांडी घट्ट धरली. उलट बाजूही पाहा. पंख छाटणं, पंखाखाली घेणं, पंख फुटणं हे आपल्याकडे नुसतं बोलणं आहे. किळ्यारांत पहिला सर्वांत मोठा गुन्हा, दुसरी रात्रीची रोजची गोष्ट आणि तिसऱ्यात नख्या गेल्याचं दुःख मिसळलेलं. हे तीन शब्द त्यांच्या तोंडी द्याल तेव्हा जपून द्या.

मग एक प्रसंग लिहा, एका पानाचा. आभाळ भरलेलं आहे, हवा उठत नाही, दोघे किळ्यार कड्यावर अडकले आहेत आणि त्यांच्यात जुनं भांडण आहे. उडण्याची सोय नाही, लढाई नाही. नावं झाकून ते पान कुणाला तरी वाचायला द्या. त्याला ही दोन माणसं वाटली, तर ज्या वाक्यापाशी तसं वाटलं तिथे खूण करून घ्या आणि ते वाक्य वजनातून, हातातून की चोचीतून घसरलं ते पाहून त्या पायरीवर परत जा. माझ्या विणकरणीचं पहिलं प्रकरण मी असं 4 वेळा मागे नेलं. प्रत्येक वेळी चूक दुसऱ्या पायरीवर निघाली: मी म्हाताऱ्या आजीच्या हातात नकळत दोरी देत होतो.